पेंग्विन सोडून डावीकडे वळलो : वॉन्थॅगी, कोळसा आणि दूध

रानवारा :

मेलबर्नमध्ये घरी पाहुणे आले की फिलिप आयलंडचे पेंग्विन ठरलेलेच. आठ वर्षांत मी ते इतक्यांदा पाहिलेत की आता पेंग्विनच मला ओळखत असतील. यंदा आई आली तेव्हा मी बंड केलं. अँडरसनच्या चौकात सगळ्या गाड्या उजवीकडे सॅन रेमोच्या दिशेने गेल्या आणि आम्ही डावीकडे वळलो. नवरा म्हणाला, "तिकडे काय आहे?" मी म्हटलं, "गायी." त्याने सुस्कारा सोडला.

साउथ गिप्सलँड हा दुधाचा मुलूख. बुटक्या, गोल टेकड्या, आपल्याकडे श्रावणात दिसतो तसला हिरवा रंग, आणि त्यावर काळ्यापांढऱ्या होल्स्टीन, मधूनच बदामी जर्सी. माझी आई वाळव्याकडची, चाळीस वर्षं म्हशींच्या धारा काढलेली बाई. तिने काच खाली केली आणि दहा मिनिटांत तीन प्रश्न विचारले. गोठा कुठंय? म्हशी कुठं गेल्या? आणि एवढ्या गायी आहेत, तर माणसं कुठायत? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं होती. इथे गायी बारा महिने रानातच असतात, धारेपुरत्या शेडमध्ये येतात. तिसऱ्याचं उत्तर मिळायला संध्याकाळ झाली.

किलकुंडाला थांबलो. तिथे जुन्या रेल्वेचा लाकडी पूल आहे, ९१ मीटर लांब. एका अंगाला बास सामुद्रधुनीच्या लाटा, दुसऱ्या अंगाला रवंथ करणाऱ्या गायी. आता त्यावरून सायकलवाले जातात. पण हा पूल दुधासाठी बांधलेला नाही. याच्यावरून कोळसा जायचा, आणि तो जिथून यायचा ते गाव पुढे तेरा-चौदा किलोमीटरवर : वॉन्थॅगी.

गावात शिरताना खाणीची एकही खूण दिसत नाही. रुंद रस्ते, बेकरी, ट्रॅक्टरचं दुकान, पशुवैद्याची पाटी. कुणी सांगितलं नाही तर हे बाजाराचं गाव आहे असंच वाटावं. गोष्ट मात्र अशी. १९०९च्या नोव्हेंबरात न्यू साउथ वेल्समधल्या खाणकामगारांनी संप केला. व्हिक्टोरियाची रेल्वे तिथल्या दगडी कोळशावर चालायची. इंजिनं थंड पडायची वेळ आली तेव्हा व्हिक्टोरिया सरकारने घाईघाईने इथे पॉवलेट नदीच्या पट्ट्यात स्वतःची खाण उघडली. सुरुवातीचा कोळसा बैलगाड्यांनी इन्व्हरलॉकच्या बंदरावर नेऊन जहाजाने मेलबर्नला पाठवला. माणसं आली ती तंबूंत राहिली. काही महिन्यांत, १९१०मध्ये, रेल्वे आली, सरकारने गाव आखून दिलं आणि तंबूंची घरं झाली. म्हणजे दुसरीकडच्या संपातून जन्मलेलं गाव. पुढे या गावाने स्वतः इतके संप केले की जन्मवेळेचा गुण लागला म्हणायचा!

खाण १९६८पर्यंत चालली. त्या साठेक वर्षांत सुमारे १.७ कोटी टन कोळसा निघाला. भरात असताना दीड हजाराहून जास्त माणसं कामाला होती. थर पातळ आणि जागोजागी तुटलेले. काही ठिकाणी कुशीवर पडून कुदळ मारावी लागायची. पुढे रेल्वेने डिझेल इंजिनं आणली. ज्या एका गिऱ्हाइकासाठी खाण काढली होती त्यालाच माल नको झाला.

आता ती जागा वारसास्थळ आहे, पार्क्स व्हिक्टोरिया सांभाळतं. वर फिरायला पैसे पडत नाहीत. खाली जायची फेरी मात्र तिकीट काढून, वाटाड्यासोबत. हेल्मेट आणि दिवा देतात, उतरत्या बोगद्यातून चालत खाली नेतात आणि परत येताना दोराने ओढल्या जाणाऱ्या डब्यात बसवून वर आणतात. आई येणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. ती पदर खोचून सगळ्यांत पुढे. खाली वाटाड्याने सगळ्यांना दिवे विझवायला लावले. गावाकडे वीज गेल्यावर होतो तो अंधार वेगळा. तिथे डोळे सरावतात, थोड्या वेळाने चुलीची कड दिसते. इथे डोळे सरावतच नाहीत. आपला हात आपल्यालाच आहे की नाही कळत नाही. आई हळूच म्हणाली, "आणि घोडी?" कारण वाटाड्याने नुकतंच सांगितलं होतं की कोळशाचे डबे ओढायला खाली घोडी असायची.

वर आल्यावर तिने मला दुभाषी करून वाटाड्याला विचारलं, की खाणवाल्यांच्या बायका घरी गाय पाळायच्या का? तो साठीचा गृहस्थ खो खो हसला. म्हणाला, माझ्या आजीची होती, आणि आजोबांपेक्षा तिचाच मान मोठा होता. मग दोघं अर्धा तास बोलत बसली. मी मधे नुसती शब्द इकडून तिकडे वाहून नेणारी.

गावातल्या बागेत खाणीचा मनोरा आणून उभा केलाय, त्यावर जुना भोंगा आहे. दुपारी बाराला तो वाजतो. खाण बंद होऊन अर्धं शतक लोटलं तरी वाजतो. आम्ही बेकरीत होतो. कुणी मान वर केली नाही, एका माणसाने फक्त घड्याळ बघितलं.

मला या गावाबद्दल जे वाटलं ते असं : सरकारने बांधलेलं बहुतेक सगळं गवताखाली गेलं. रूळ उखडले, विहिरीसारख्या खोल खाणी बुजवल्या, त्यावर गायी चरतात. राहिलं ते कामगारांनी आपल्यासाठी उभं केलेलं. वर्कमेन्स क्लब अजून चालू आहे. युनियन थिएटरची जुनी इमारत १९८०मध्ये जळाली, तरी तिथल्या कला केंद्राने 'युनियन' हे नाव सोडलं नाही.

कुणी अशी गावं पाहिलीत का? फोटो उद्या चढवते, आज मोबाइल रुसलाय.

---

नंदा_पुणे :

मस्त लिहिलंय. आईंना साष्टांग. आमचे सासरे मेलबर्नला येऊन पेंग्विन पाहून म्हणाले होते, "एवढ्या थंडीत हे बघायला आणलंस?"

एक शंका : गिप्सलँडचा कोळसा म्हणजे तो वीजनिर्मितीचाच ना? हेझलवूड वगैरे? मग हे गाव बंद कसं पडलं?

---

रानवारा :

नंदा, सगळ्यांचा हाच गोंधळ होतो, माझाही होता. हेझलवूड, यालोर्न हे लाट्रोब खोऱ्यातले, इथून उत्तरेला डोंगरापलीकडे. तो तपकिरी कोळसा. निम्म्याहून जास्त पाणीच असतं त्यात, त्यामुळे तो लांब नेणं परवडत नाही. म्हणून खाणीच्या दारातच वीजकेंद्र बांधतात. थर प्रचंड जाड, उघड्या खाणी. हेझलवूड २०१७मध्ये बंद झालं.

वॉन्थॅगीचा काळा, दगडी कोळसा. चांगला जळणारा, इंजिनाच्या भट्टीत घालण्याजोगा, पण पातळ थरांतून खाली शिरून खणावा लागणारा. म्हणजे महाग.

---

धारोष्ण :

ताई, एक नंबर लिवलंय. आमी कोल्हापूरकर, गोकुळला दूध घालणारी माणसं, त्यामुळं कोळशाचं ऱ्हाऊ द्या, गायींचं सांगा. एका रानात किती जनावरं? धारा काढायला माणसं किती? मुरघास करत्यात का? आणि दर कशावर, फॅटवर का?

---

रानवारा :

धारोष्ण, आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली "आता कसं माणसासारखं विचारलं!"

आम्ही ज्या शेतावर चहाला थांबलो (नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाचं माहेर... म्हणजे त्याच्या बायकोचं), तिथे तीनशेच्या आसपास गायी आणि धारेला दोन माणसं. खड्ड्यात उभं राहायचं, दोन्ही बाजूंना गायी तिरक्या उभ्या, कास बरोबर हातासमोर. वाकणं नाही. आईने तो खड्डा बघितला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. तिची कंबर त्या चाळीस वर्षांनीच घालवलीय. तर "माणसं कुठायत"चं उत्तर तिथे मिळालं : दोनच आहेत आणि ती खड्ड्यात आहेत.

मुरघास भरपूर. वसंतात जास्तीचं गवत कापून गोल गठ्ठे करून प्लास्टिकमध्ये गुंडाळतात, रानभर लांबून मोठाल्या अंड्यांसारखे दिसतात. गायी एकदम विणाव्यात असं गाभण राहण्याचं गणित बसवतात, हिवाळा सरताना सगळ्या वितात, म्हणजे वसंतातलं गवत दुधाला मिळतं. दर लिटरवर नाही, त्यातलं फॅट आणि प्रथिनं किती किलो भरली त्यावर.

पण सगळं गोड नाही. २०००मध्ये सरकारने दुधाच्या दराचा आधार काढून घेतला. २०११मध्ये सुपरमार्केटांनी दूध डॉलरला लिटर करून टाकलं. त्या घरचे आजोबा म्हणाले, या रस्त्यावर पूर्वी सात जण दूध घालायचे, आता आम्ही दोघं. बाकीच्यांची जमीन आहे, गायी आहेत, पण मांसाच्या, नाहीतर शहरवाल्यांची विकेंडची घरं.

---

कोलबेल्टवाला :

मी चंद्रपूरकडचा. बाबा माजरीला अंडरग्राउंड खाणीत ओव्हरमन, म्हणजे खालच्या कामावर देखरेख करणारे, होते. तुमचं ते दिवे विझवायचं वाचलं अन् अंगावर काटा आला जी. बाबा सांगत, खाली कान डोळ्यांपेक्षा कामाचे. छत पडायच्या आधी बोलतं. बारीक कडकड येते, माती गळते. जुना माणूस ते ऐकून पोरांना मागे खेचतो. नवा माणूस म्हणतो काही नाही, लाकूड वाजलं.

आमच्याकडे घोडे नव्हते पाह्यले, दोराने ओढायचं हॉलेज अन् टब, म्हणजे कोळशाचे डबे. टब भरणारे ते लोडर. कोळशाचेच दोन खांब सोडून मधलं काढायचं, खांब तसेच ठेवायचे छताला आधार म्हणून. शेवटी ते खांबही काढत मागं सरकायचं, ते सगळ्यांत जोखमीचं काम.

आणि तुम्ही विचारलं अशी गावं पाहिली का, तं एक आपलंच सांगतो. वरोरा! लोकांना वरोरा म्हटलं की बाबा आमट्यांचं आनंदवन आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण इंग्रजांच्या काळी वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण होती, १८७१ ते १९०६. वर्ध्याहून वरोऱ्याला जी रेल्वे नेली ती या कोळशापायी, नावच वर्धा कोल स्टेट रेल्वे. तिकडे वॉन्थॅगीत १९०९मध्ये तंबू पडले, त्याच्या तीन वर्षं आधी आमच्या वरोऱ्याची खाण बंद पण झाली होती. अन् पुढे आनंदवनात कोणता धंदा उभा झाला? शेती अन् दूध.

---

रानवारा :

कोलबेल्टवाला, हे मला अजिबात माहीत नव्हतं! वरोऱ्यावरून कितीदा रेल्वेने गेलेय. तुम्ही यावर वेगळा धागा काढा, खरंच.

---

तिरपागडा :

लेख छान, पण मला हे "खाणपर्यटन" जरा खटकतं. ज्या अंधारात माणसं मेली तिथे हेल्मेट घालून पोरांचे फोटो काढायचे. उद्या सेप्टिक टँक साफ करण्याच्या फेऱ्या काढतील, तिकीट लावून.

---

रानवारा :

तिरपागडा, हे माझ्याही मनात येऊन गेलं. पण तिथे मेलेल्यांना लपवलेलं नाही. १५ फेब्रुवारी १९३७ला २० नंबरच्या खाणीत वायूचा स्फोट होऊन १३ माणसं गेली. वाटाड्या ते सांगताना आवाज खाली आणतो आणि मग विनोद करत नाही. आणि गावातले तेच लोक हे सांभाळतात ज्यांचे आजे-पणजे खाली होते. त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या वतीने आपण कशाला लाजायचं?

---

परळकर_जुना :

भोंग्यापाशी अडकलो. आमचे वडील मिलमध्ये. चाळीत घड्याळ एकाच घरात होतं, पण गरज कुणाला? भोंग्यावर डबा भरायचा, भोंग्यावर पोरं शाळेत. १९८२चा संप झाला, जानेवारीत, दत्ता सामंतांचा, अडीच लाख माणसं. त्यानंतर हळूहळू भोंगे गेले. पहिले काही महिने आई म्हणायची, दुपार कळतच नाही.

तुमच्या त्या गावानेही संप केले म्हणता. जिंकले का कधी?

---

रानवारा :

परळकर, १९३४चा मोठा संप, जवळजवळ पाच महिने. संघटनेचा अध्यक्ष इद्रिस विल्यम्स, कम्युनिस्ट. आणि तो संप ते जिंकले. मंदीचा काळ, मालक खुद्द सरकार, तरी जिंकले. त्या संपात बायकांनी आपली वेगळी सहायक संघटना उभी केली, नुसत्या भाकऱ्या थापल्या नाहीत.

पण त्याआधी, जवळच्याच कोरुम्बरा, जम्बुन्ना, आउट्रिम या खासगी खाणींत १९०३-०४मध्ये वर्षाहून जास्त संप चालला, तो कामगार हरले. आउट्रिमला आज गेलात तर गाव शोधावं लागतं.

---

परळकर_जुना :

पाच महिने आणि जिंकले. वाचून बरं वाटलं आणि वाईटही.

तुमच्या एका वाक्याशी मात्र भांडतो. "कामगारांनी उभं केलेलं राहिलं" म्हणता. आमच्याकडेही कामगारांनी कमी उभं केलं नव्हतं : व्यायामशाळा, भजनी मंडळं, गणपती, खानावळी, वाचनालयं. ते का नाही राहिलं? कारण खालच्या जमिनीला सोन्याचा भाव होता. फिनिक्स मिलचा मॉल झाला, चिमणी तेवढी शोभेला. तुमच्या वॉन्थॅगीत खाण गेल्यावर त्या जमिनीवर पिकणार काय होतं? गवत. गवताला कोण टॉवर बांधतो? म्हणून भोंगा वाचला.

---

रानवारा :

याला माझ्याकडे उत्तर नाही. नवरा म्हणतोय त्यांचं बरोबर आहे, आणि आता तो हे आठवडाभर म्हणत राहणार.

फक्त एवढंच जोडते की आता तिथेही भाव चढतायत. समुद्र जवळ, मेलबर्न दोन तासांवर. गावाबाहेर नवी घरं रांगेने उठतायत. जवळ समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रचंड प्रकल्प आहे, २०१२मध्ये पुरा झाला, त्याच्या छतावर गवत लावलंय म्हणजे रानात मिसळून जावा. दहा-वीस वर्षांनी बघू भोंग्याचं काय होतं.

---

वायकाटोची_सून :

न्यूझीलंडहून. आमचं हंटली अगदी असंच, फक्त अजून पुरतं 'माजी' झालेलं नाही. चहूबाजूंनी वायकाटोची दूधशेती आणि मधे कोळसा. रेल्वेतून जाताना वीजकेंद्राच्या दोन उंच चिमण्या दिसतात, नदीकाठी. १९१४च्या सप्टेंबरात राल्फच्या खाणीत उघड्या ज्योतीच्या दिव्याने वायू पेटला, ४३ माणसं गेली. शनिवार होता म्हणून नेहमीपेक्षा कमी माणसं खाली होती, नाहीतर आकडा कुठे गेला असता. हंटली ईस्ट ही जमिनीखालची खाण २०१५मध्ये बंद झाली.

पण मला वेगळंच सांगायचंय. तुम्ही सगळे कोळसा गेला आणि दूध आलं असं बोलताय. आमच्याकडे दूध कोळशावरच चालायचं! दुधाची पावडर करायची म्हणजे पाणी उडवायचं, त्याला वाफ लागते, आणि ती वाफ अनेक कारखान्यांत कोळसा जाळून काढत. म्हणजे गाय गवत खाते आणि कारखाना कोळसा. फॉन्टेरा या इथल्या दूध कंपनीने टे आवामुटूचा कारखाना २०२०मध्ये लाकडाच्या गोळ्यांवर नेला, आता बाकीचेही एकेक करत सोडवतायत. माझे दीर अशाच एका कारखान्यात बॉयलरवर होते. ते म्हणतात, लोकांना डब्यावर हिरवी कुरणं दाखवतात, माझं तोंड काळं झालेलं कुणी छापत नाही.

---

धारोष्ण :

हे भारी. आमच्या हितं पण पावडर करत्यात की. चहात दूध घालताना हे आठवणार आता.

---

कोलबेल्टवाला :

वहिनी, तुमच्या दिरांना नमस्कार सांगा. बॉयलरवाला अन् खाणवाला एकाच जातीचे.

---

नंदा_पुणे :

आम्ही ऑक्टोबरात येतोय. गाडी नाही. जाता येईल का? आणि मुलं नऊ वर्षांची आहेत, डायनोसॉरशिवाय काही बोलत नाहीत, त्यांना खाण कंटाळवाणी होईल बहुतेक.

---

रानवारा :

नंदा, तू नेमक्या गावी येतेयस! ऑस्ट्रेलियात सापडलेलं डायनोसॉरचं पहिलं हाड तिथलंच. १९०३मध्ये विल्यम फर्ग्युसन नावाचा भूवैज्ञानिक इन्व्हरलॉकजवळच्या किनाऱ्यावर कोळशाचे थर तपासत फिरत होता. त्याला एका मांसाहारी डायनोसॉरची नखी मिळाली. कोळसा शोधायला गेला आणि डायनोसॉर घेऊन आला. त्याला 'केप पॅटरसनची नखी' म्हणतात. मुलांना आधी हे सांग, मग खाणीत आपोआप उतरतील.

शिवाय त्याच पट्ट्यात, बास नदीच्या खोऱ्यात, जगातल्या सगळ्यांत मोठ्या गांडुळांपैकी एक जात आहे. साधारण मीटरभर लांब, कधी त्याहून खूप जास्त. ओलसर उतारावरून चालताना जमिनीखालून गुडगुड आवाज येतो, ते गांडूळ बिळातून सरकत असतं. दिसत मात्र नाही, आणि उकरायला जाऊ नये, संरक्षित आहे. (धारोष्ण, गळाला लावायला काडू म्हणून तर विचारूच नका.)

गाडी नसली तर मेलबर्नहून व्ही-लाइनची बस आहे, इन्व्हरलॉकला जाणारी, ती वॉन्थॅगीत थांबते. रेल्वे १९७८मध्येच बंद झाली. सायकल मिळवता आली तर वॉन्थॅगी ते अँडरसन १६ किलोमीटरचा जुन्या रुळांचा रस्ता करा, किलकुंडाचा पूल त्यातच येतो. भूमिगत फेरी रोज असतेच असं नाही, निघण्याआधी पार्क्स व्हिक्टोरियाच्या पानावर बघून आगाऊ जागा धरा. ऑक्टोबरात पाऊस आणि वारा दोन्ही, स्वेटर न्या, खालीही गारवा असतो. आणि बाराच्या आत गावात पोचा.

---

नंदा_पुणे :

नखी वाचून दाखवली. एक जण आत्ताच पिशवी भरायला बसलाय. ऑक्टोबरला चार महिने आहेत.